तेविसावं दार

पावसाळ्यात तारकर्ली-देवबागकडे स्कूबा बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आणि बऱ्याच होमस्टेंना कुलपं. अशाच एका बंद घराच्या मालकांचा गेल्या श्रावणात फोन आला. "घरात कोण नाय, मगे नेट वापरता कोण?" मुलगा मुंबईला, ते स्वतः कुडाळला मुलीकडे. महिन्याचा डेटा मात्र पंधरा दिवसांत संपलेला.

मालवण-कुडाळ भागातल्या होमस्टेंचे, बागायतदारांचे, छोट्या कार्यालयांचे राउटर, वाय-फाय आणि कॅमेरे महिन्याच्या ठरावीक शुल्कात सांभाळणं हा माझा व्यवसाय. त्याला मॅनेज्ड सर्व्हिस प्रोव्हायडर असं भारदस्त नाव आहे. गावात आम्हाला 'नेटवाले' म्हणतात. हे गिऱ्हाईक नवीन होतं.

कुलूप काढून आत गेलो. पडवीतल्या कपाटावर कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा होता. खाऱ्या हवेने त्याच्या पिना हिरव्या पडलेल्या. शेजारी राउटरचा दिवा न थांबता लुकलुकत होता. लॅपटॉप जोडून नेटवरची वाहतूक पाहिली. डीव्हीआर दर सेकंदाला शेकडो अनोळखी पत्त्यांवर टकटक करत होता आणि जवळजवळ सगळीकडे एकच दार, म्हणजे पोर्ट, ठोठावत होता, २३ नंबरचं.

शेजारच्या काकींचं म्हणणं वेगळं होतं. रात्री कॅमेऱ्यात पांढरे गोळे फिरतात, देवचाराचा फेरा आहे, नारळ द्या. ते गोळे म्हणजे भिंगाजवळून उडणारे किडे. कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याने ते उजळतात आणि जवळ असल्यामुळे धूसर, मोठे दिसतात. गावाच्या या राखणदाराबद्दल मला आदर आहे, पण बिघाडाचं खापर त्याच्यावर फोडलं की खरा घुसखोर सुखाने राहतो.

मालकांना मी सांगितलं, डीव्हीआर दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे. ते म्हणाले, "आमच्याकडे चोरूक काय असा?" हे मी रोज ऐकतो. चोराला तुमचे आंबे नकोत, तुमची नेटची लाईन हवी असते. आणि आपलं गाव कोपऱ्यात आहे, आपल्याला कोण शोधणार, हा दिलासाही खोटा आहे, कारण इथे कुणी कुणाला शोधतच नाही.

इंटरनेटवरचा जुन्या पद्धतीचा पत्ता म्हणजे ३२ बिटांची एक संख्या. असे पत्ते एकूण ४२९ कोटी. २०१६ साली पसरलेला 'मिराई' हा प्रोग्रॅम यातला कुठलाही आकडा उचलायचा आणि तिथलं २३ नंबरचं, म्हणजे टेलनेटचं दार ठोठवायचा. यंत्राला दुरून हुकूम देण्याची ही फार जुनी सोय. मिराईने ऐन भरात सुमारे ६ लाख यंत्रं धरली होती. आपण १ लाखच धरू, आणि प्रत्येक यंत्र सेकंदाला १०० पत्ते तपासतं असं मानू. म्हणजे सेकंदाला १ कोटी. सरासरी सव्वासात मिनिटांत एकदा तुमच्या दारावर टकटक होणार, मग तुम्ही नरिमन पॉइंटला असा की देवबागला.

पण एवढ्याशा डीव्हीआरला हे झेपतं कसं? मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतो तो हाच भाग. कुणाला हाक मारली की उत्तर येईपर्यंत संगणकाला ते लक्षात ठेवावं लागतं. लाखो हाका लक्षात ठेवायला डीव्हीआरमध्ये तेवढी मेमरी नसते. मिराई काहीच लक्षात ठेवत नाही. टीसीपी, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायच्या पद्धतीच्या नियमाप्रमाणे, माहितीच्या पहिल्या पाकिटावर ३२ बिटांचा एक क्रमांक घालावा लागतो आणि उत्तर देणाऱ्याने त्यात १ मिळवून तो परत पाठवायचा असतो. पत्ताही ३२ बिटांचाच! म्हणून मिराई समोरच्याचा पत्ताच क्रमांक म्हणून लिहितो. उत्तर आलं की त्यातून १ वजा करायचा आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्याशी ताडून बघायचा. जुळला तर ते आपल्याच हाकेचं उत्तर. वही नको, खतावणी नको.

हीच युक्ती त्याला उघडंही पाडते. साधा संगणक हा क्रमांक असा निवडतो की कुणाला अंदाज येऊ नये. तो समोरच्याच्या पत्त्याशी योगायोगाने जुळण्याची शक्यता ४२९ कोटींत एक. पडवीत बसून मी दहा पाकिटं उघडली. दहाही जुळली.

दार उघडं सापडलं की ६२ नाव-पासवर्डांच्या यादीतल्या दहा जोड्या लावून पाहायच्या. 'रूट' आणि '१२३४५६', 'ॲडमिन' आणि 'ॲडमिन', असल्या. एवढ्या भांडवलावर धरलेल्या यंत्रांनी एकाच वेळी मारा करून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी 'डाईन' या, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांना तासन् तास मिळेनाशा झाल्या. मिराई फक्त मेमरीत राहतो, त्यामुळे लाईट गेली की डीव्हीआर बरा होतो. लाईट आली की काही मिनिटांत पुन्हा लागण.

या घराचा घोळ असा, की मुंबईच्या मुलाला मोबाईलवर दिसावं म्हणून बसवणाऱ्याने डीव्हीआर राउटरच्या 'डीएमझेड'मध्ये टाकला होता. म्हणजे बाहेरून येणारी प्रत्येक टकटक थेट त्याच्याकडे. मालकांनी पासवर्ड बदलला होता, पण तो स्क्रीनवरचा. टेलनेटचा पासवर्ड कारखान्यातच कोरलेला, बदलायची सोयच नाही. असे सरसकट पासवर्ड ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंद केले. आपल्याकडेही ९ एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्हींना सुरक्षेची चाचणी सक्तीची आहे. कपाटावरच्या जुन्या डब्यांना ती कोण लावणार?

डीएमझेड काढलं. मग घराच्याच रचनेसारखं नेटवर्क वेगळं केलं. पाहुण्यांचे मोबाईल ओटीवर, हिशेबाचा लॅपटॉप माजघरात, कॅमेरे खळ्यात. खळ्यातून माजघरात वाट नाही आणि बाहेर स्वतःहून जायलाही बंदी. मुलगा आता व्हीपीएनमधून, म्हणजे घरापर्यंतच्या खाजगी, कुलूपबंद वाटेने कॅमेरा बघतो. एक बटण जास्त दाबावं लागतं, त्याची कुरकुर त्याने केली.

'एआय सुरक्षा' असं स्टिकर लावलेले महागडे डबे विकण्यापेक्षा आमच्या धंद्यातल्या लोकांनी आधी स्वतःच्या किल्ल्या तपासाव्यात. चाळीस गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड ठेवणं सोयीचं असतं आणि तेच घातक. २ जुलै २०२१ला 'कासेया' या कंपनीच्या, आमच्यासारखे सेवादार वापरतात त्या सॉफ्टवेअरमधून खंडणीखोर शिरले. फटका साठाच्या आत सेवादारांना बसला, पण त्यांच्यामागचे १,५०० पर्यंत व्यवसाय अडकले. स्वीडनमध्ये 'कूप' या किराणा साखळीची सुमारे ८०० दुकानं बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्याची यंत्रंच चालेनात. आमच्याकडे प्रत्येक घराचा पासवर्ड वेगळा असतो, आणि आम्हाला आत शिरायलाही पासवर्डबरोबर मोबाईलवरचा कोड लागतो.

गेल्या महिन्यात त्याच मालकांनी बागेतल्या पंपाला वाय-फायवर चालणारा स्टार्टर बघितला. पैसे द्यायच्या आधी दुकानातूनच मला फोन. "ह्येचो पासवर्ड बदलूक गावता काय, ता आदी सांग."