वेधनवेग

तेल किंवा वायूच्या विहिरीत बिट (पाइपच्या टोकाला बसवलेले कापायचे अवजार) खडक कापत तासाला किती मीटर खाली उतरते, तो वेधनवेग. रिगवर, म्हणजे ड्रिलिंगच्या यंत्रणेवर, याला आरओपी (रेट ऑफ पेनिट्रेशन) म्हणतात. मऊ गाळाच्या थरांत तो ताशी 30 मीटरच्या वर जातो, कठीण खडकात 2-3 मीटरवर येतो.

कोल्हापूरकडे ड्रिलिंग म्हटले की बोअरची गाडी आठवते. काळ्या पाषाणातही ती दिवसाभरात दोन-तीनशे फूट बोअर मारते. तिच्या हॅमरखाली कॉम्प्रेसरची हवा असते, त्यामुळे फुटलेली कपची लगेच वर उडते. तेलविहिरीत मात्र मड, म्हणजे चिखलासारखा जड द्रव, भरलेले असते. 1.2 घनतेच्या मडचा 3,000 मीटर खोलीवर सुमारे 350 बार दाब पडतो. हा दाब कपचीला तळाशीच धरून ठेवतो आणि बिट तीच कपची पुन्हा दळत बसते. मड हलके केले तर वेग वाढतो, पण खडकातला वायू विहिरीत शिरू शकतो. म्हणून केवळ वेगासाठी मड हलके करू नये.

बिटवर योग्य भार किती, हे ड्रिलर जागेवरच तपासतो. तो 15 टन भार देऊन ब्रेक लावतो, फिरवणे चालूच ठेवतो. बिट खडक खाते तसे वरचे पाइप ताणले जातात आणि बिटवरचा भार उतरतो. प्रत्येक टन उतरायला लागलेले सेकंद तो लिहून घेतो. जिथे सर्वांत कमी सेकंद लागले, तो भार चांगला. त्यापुढे भार वाढवला तर वेग उलट घटतो: चिकट शेलमध्ये (मातीपासून बनलेल्या खडकात) बिटला माती लिंपते, कठीण खडकात पाइप अडकत-सुटत फिरतात आणि पीडीसी बिटचे हिऱ्याचे दात तुटतात. भुगा वर आणण्याएवढा मडचा प्रवाह नसेल तर तो पाइपभोवती साचतो आणि पाइप अडकतात. हा घोटाळा निस्तरण्यात कित्येक दिवस जातात.

वेगवान बिट म्हणजे लवकर होणारी विहीर, असेही नाही. 3,000 मीटरवर बिट बदलायला पाइप वर काढून पुन्हा सोडण्यात 12 तास गेले असे धरू. ताशी 10 मीटर कापून 100 मीटरवर झिजणाऱ्या बिटचा खरा वेग 4.5 मीटर पडतो, ताशी 8 मीटरने 300 मीटर टिकणाऱ्याचा 6. केसिंग (विहिरीला आतून बसवायचे पोलादी पाइप), सिमेंट भरणे आणि दुरुस्तीचा वेळ याहून वेगळा.

कोल्हापूरच्या उत्तरेला, सातारा जिल्ह्यात कोयनेजवळ गोठणे येथे भूकंप अभ्यासासाठी 2016-17 मध्ये 3 किलोमीटर खोल वेधछिद्र घेतले गेले. तिथे सुमारे 1,250 मीटरवर बेसाल्ट संपून ग्रॅनाइटी खडक लागला. अशा खडकांत टंगस्टन कार्बाइडचे दाणे बसवलेले तीन-शंकूचे बिट उपयोगी पडते, शेल-चुनखडकात पीडीसी.

भार आणि फेरे तेच असताना वेग एकाएकी दुप्पट झाला तर खूश होऊ नये. बिट सच्छिद्र थरात शिरलेले असू शकते आणि तिथला वायू विहिरीत येऊ शकतो. ड्रिलिंग थांबवावे, बिट तळापासून उचलावे, पंप बंद करावेत आणि विहिरीतून मड येत राहते का ते पाहावे. येत असेल तर बीओपी (विहिरीचे तोंड बंद करणारा सुरक्षा व्हॉल्व्ह) लगेच बंद करावा.