ट्यूब की क्लोज-अप लेन्स? आधी फोकल लेंग्थ सांगा

'एक्स्टेन्शन ट्यूबच घे, तिच्यात काच नसते, म्हणजे दर्जा जात नाही.' छोट्या गोष्टींचे जवळून, मोठे (मॅक्रो) फोटो काढू पाहणाऱ्यांना मिळणारा हा सल्ला वाचून वाचून कंटाळा आला. काच नसते हे खरं, पण निवड त्यावर ठरत नाही.

ट्यूब कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसते, क्लोज-अप लेन्स फिल्टरसारखी पुढे. कुठलीही लावली की दूरचं फोकस जातं, काढली की परत येतं. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं.

घोळ होतो तो फोकल लेंग्थचा, म्हणजे लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याचा. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, एवढं वर्धन (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूच्या किती पट, ते) वाढतं. २५ मिमीची ट्यूब ५० मिमी लेन्सला ०.५ पट देते, २०० मिमीला जेमतेम ०.१२५. क्लोज-अप लेन्सचं गणित नेमकं उलटं. +२ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे काचेची ताकद), म्हणजे ५०० मिमी फोकल लेंग्थची घ्या: मुख्य लेन्सचं फोकस अनंतावर, म्हणजे सगळ्यात दूर असताना २०० मिमीवर ०.४ पट, ५० मिमीवर फक्त ०.१. म्हणून टेलिझूमला (लांब फोकल लेंग्थच्या झूमला) ट्यूब लावून 'काहीच फरक पडला नाही' म्हणणारे आणि ५० मिमीला +२ लावून तेच म्हणणारे, दोघांचीही वस्तू चांगली असते, जोडी चुकलेली असते.

आता विषय बघा. खाडीच्या चिखलातला फिडलर खेकडा सावली हलली की बिळात. २०० मिमी आणि +२ असेल तर लेन्सच्या पुढच्या काचेपासून अर्धा मीटर अंतर मिळतं. न हलता बसलात तर तो पुन्हा वर येतो. ५० मिमी आणि ट्यूब घेऊन त्याच्यापासून वीतभर अंतरावर जाणं विसराच. याउलट रत्नागिरीच्या सड्यावरची (जांभ्या दगडाच्या पठारावरची) ड्रॉसेरा ही कीटक खाणारी वनस्पती पळून जात नाही. तिच्या पानावरचे चिकट थेंब हवे असतील तर ५० मिमीला १२, २० आणि ३६ अशा तिन्ही ट्यूब लावा: ६८ मिमी, सुमारे १.३६ पट. मात्र लेन्सचं छिद्र एफ/८ लावलंत (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) तरी प्रत्यक्षात ते जवळपास एफ/१९ होतं. प्रकाश घटतो आणि डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, बारकावे मऊ पडतात. त्याहून बारीक छिद्र करू नका, फ्लॅश वापरा. ट्यूबला कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स असेल तर ५५ वर ठेवा. १८ वर फोकस काचेला टेकण्याइतकं जवळ येतं, मग कॅमेरा बिघडला अशी ओरड.

खरेदीत दोनच आग्रह. ट्यूब इलेक्ट्रॉनिक संपर्कांचीच घ्या, नाहीतर बऱ्याच लेन्सचं छिद्र कॅमेऱ्यावरून बदलताच येत नाही. क्लोज-अप लेन्स दोन काचा जोडलेली अक्रोमॅट घ्या. +१, +२, +४ चे एकेरी काचेचे स्वस्त तीन नग कडेला जांभळी-हिरवी किनार देतात.

आणि किनाऱ्यावर वारा असताना ट्यूब बदलू नका. लेन्स काढली की खारे तुषार आणि वाळू थेट आत जातात. क्लोज-अप लेन्सला ती भीती नाही, तिथे मीठ बसलं तरी पुढच्याच काचेवर. ते कोरडं घासू नका, आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने टिपून घ्या.