ल्यूटवर कोरलेली पदवी

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळात बार्डचं, म्हणजे गाण्यातून जादू करणारं पात्र घेणाऱ्याच्या हाती डीएम (खेळ चालवणारा) कधीतरी एखादं जादुई वाद्य ठेवतो. डॉस ल्यूट, क्ली लायर, ओलाव्ह हार्प. नावं अशी की वाटावं, कुणीतरी बसल्या बैठकीत जीभ वळवून तयार केली असतील. प्रत्यक्षात त्या मध्ययुगीन आयर्लंडमधल्या कवींच्या पदव्या आहेत.

तिथल्या जुन्या कायदेग्रंथांत 'फिली', म्हणजे विद्यावंत कवी, यांच्या सात पायऱ्या येतात. सगळ्यात खाली फोक्लॉक, मग मॅकफुर्मिड, डॉस, कॅनो, क्ली, आनरुथ आणि माथ्यावर ओलाव्ह. डॉस म्हणजे झुडूप, क्ली म्हणजे घराचा खांब. ओलाव्हला साडेतीनशे कथा मुखोद्गत असाव्या लागत आणि कायद्यात त्याची प्रतिष्ठा लहानशा राजाइतकी धरली जाई. गंमत म्हणजे याच व्यवस्थेत 'बार्ड' हा शब्द खालच्या दर्जाच्या, शास्त्र न शिकलेल्या कवीसाठी होता. खेळाने पदव्या फिलीच्या उचलल्या आणि बार्डच्या गळ्यात घातल्या.

शब्द त्याहून जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ग्रीक इतिहासकार डायोडोरसने गॉलमधल्या (साधारण आजच्या फ्रान्समधल्या) बार्डांबद्दल लिहिलंय: तंतुवाद्याच्या साथीने हे लोक कुणाची स्तुती गातात, कुणाची निंदा. नुसती स्तुती असती तर मराठीत 'भाट' म्हणून मोकळं होता आलं असतं. पण अर्धा जीव निंदेत आहे, म्हणून शब्द 'बार्ड'च ठेवतो. आयरिश कथेत ब्रेस राजा कार्ब्रे नावाच्या कवीला अंधाऱ्या, विस्तव नसलेल्या खोलीत उतरवतो आणि कोरड्या भाकऱ्या देतो. सकाळी कवी निंदेचं एक कडवं म्हणतो आणि राजाचे दिवस फिरतात. कवीच्या निंदेने चेहऱ्यावर फोड उठतात अशीही समजूत होती. अंगावर व्यंग आलेला राजा गादीला अपात्र, त्यामुळे हा धाक पोकळ नव्हता.

खेळात बार्ड आला फेब्रुवारी १९७६ मध्ये, 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या मासिकातून. डग श्वेगमनने स्कँडिनेव्हियातला स्काल्ड, केल्टिक बार्ड आणि दक्षिण युरोपातला फिरता मिन्स्ट्रेल या तीन तऱ्हांच्या गायक-कवींना एकत्र केलं. थोडी लढाई, थोडी चोरी, थोडी जादू, गाण्याने भुरळ घालणं आणि जगभरची ऐकीव माहिती. 'सगळ्यातलं थोडं थोडं' ही बार्डची ओळख तिथपासूनची.

१९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक' या नियमपुस्तकात तो परिशिष्टात गेला, आणि अटी वाचून हसू येतं. आधी फायटर (लढवय्या) म्हणून किमान पाचवी लेव्हल गाठा. मग थीफ (चोर) होऊन पुन्हा निदान पाचवी. त्यानंतर ड्रुइडांच्या, म्हणजे निसर्गपूजक पुजाऱ्यांच्या, हाताखाली शिकायला बसा, तेव्हा कुठे बार्ड. शिवाय ताकद, शहाणपण, चपळाई आणि करिश्मा प्रत्येकी १५, बुद्धी १२, काटकपणा १०. तीन फाशांची सरळ बेरीज धरली तर हे सगळं एकाच कॅरेक्टरला जुळण्याचा योग साधारण ५८,००० मध्ये एकदा. पुढच्या वर्षीच्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मध्ये फासे टाकण्याच्या जास्त उदार पद्धती सुचवल्या होत्या हे खरं, तरी मोहिमेच्या पहिल्या दिवशी बार्ड म्हणून टेबलावर बसणं अशक्यच. आयरिश पदव्या इथे होत्या बार्डांच्या 'कॉलेजां'ची नावं म्हणून. आज बार्डच्या सबक्लासला (उपप्रकाराला) 'कॉलेज' म्हणतात त्याचं मूळ हेच.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हा वनवास संपवला. बार्ड पहिल्या लेव्हलपासून मिळू लागला, पण थीफच्या शेजारी बसवला गेला आणि जादू ड्रुइडाऐवजी विझार्डची (जादूगाराची) झाली. २००० मध्ये करिश्मा हाच जादूचा आधार ठरला. मात्र स्पेल (जादूचे मंत्र) नऊपैकी सहाव्या पातळीपुरतेच. 'मागे उभा राहून गातो तो' ही चेष्टा खूप टेबलांवर चालायची, आणि आकडे पाहता ती अगदीच अन्यायाची नव्हती.

माझ्या मते खरं वळण २००९ चं. चौथ्या आवृत्तीच्या पहिल्या पुस्तकात बार्डला जागाच नव्हती. तो 'प्लेअर्स हँडबुक २'मध्ये आला, पण येताना 'व्हिशस मॉकरी' घेऊन आला: शिव्या हासडून शत्रूला जखमी करणं. कार्ब्रेचं हत्यार टेबलावर पोचायला तेहतीस वर्षं लागली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत बार्ड नवव्या पातळीपर्यंतचे स्पेल टाकणारा पूर्ण जादूगार झाला. स्तुतीचं काम इन्स्पिरेशनच्या, म्हणजे साथीदाराला द्यायच्या जादा फाशाकडे गेलं (डी-सहापासून डी-बारापर्यंत, म्हणजे सहा बाजूंपासून बारा बाजूंपर्यंत वाढणारा), निंदेचं मॉकरीकडेच राहिलं. म्हणून नवा बार्ड रचताना 'वाद्य कोणतं' याआधी मी विचारतो, 'हा कुणाचे गोडवे गातो आणि कुणाला झोडपतो?' तेवढं ठरलं की बाकीचं कॅरेक्टर आपसूक बोलू लागतं.

कॉलेजांची आयरिश नावं आज उरली आहेत ती वाद्यांवर, काही थोडी बदलून, पण मानाची उतरंड टिकली. फोक्लुकन, डॉस आणि मॅकफुर्मिड ही वाद्यं त्यातल्या त्यात सहज सापडणारी, कॅनेथ आणि क्ली दुर्मिळ, आन्स्ट्रुथ त्याहून दुर्मिळ आणि ओलाव्ह हार्प थेट दंतकथेतली. वाद्याशी आधी जादुई नातं न जोडता यातलं कुठलंही कुणी उगाच छेडलं, तर त्याला विझडम सेव्ह १५ करावा लागतो, म्हणजे शहाणपणाच्या कसोटीत फाशावर किमान १५ आणावे लागतात. नाही जमला तर दोन डी-चार (चार बाजूंचे दोन फासे) डॅमेज, तोही मनावर. तुमच्या पार्टीतल्या फायटरला हे आधी सांगू नका.