स्क्रीन काळी म्हणजे फॉरमॅट? नाही!

पीसी सुरू केला, पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच राहिली, की ‘विंडोज उडालं, फॉरमॅट मारा’ हा सल्ला नाशिकमध्येही वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी घरातले फोटो विनाकारण पुसले जातात.

विंडोज असते डिस्कवर. त्याआधी मदरबोर्डवरचा बायोस हा सुरुवातीचा प्रोग्रॅम रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स तपासतो. कंपनीचा लोगोच दिसत नसेल तर बहुधा विंडोजची पाळी अजून आलेलीच नाही. मग फॉरमॅटने काय सुधारणार?

आधी मॉनिटरची केबल बघा. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर ती कार्डातच हवी, मदरबोर्डच्या पोर्टात नाही. मग रॅम. गोदाकाठच्या दमट पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या पीसीत रॅमच्या पट्टीवर थर धरतो, संपर्क तुटतो. प्लग काढा, पॉवरचे बटण 15 सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. रॅम काढून सोनेरी पट्टी मऊ खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा.

तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सीआर2032 सेल बदला. सेल काढला की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात, म्हणून त्यानंतर बायोसमधला साटा मोड (डिस्कच्या जोडणीची सेटिंग) पूर्वीचाच आहे ना, हे जरूर तपासा. तो बदलला तर धडधाकट विंडोजही निळा पडदा दाखवते.

लोगो येऊन पुढे अडले, तरच विंडोजचा संशय घ्या. तेव्हाही आधी स्टार्टअप रिपेअर, म्हणजे विंडोजचीच दुरुस्तीची सोय.