दोन वर्षांसाठी मास्तर: ही कल्पना आली कुठून

डिग्री झाली की दोन वर्षं गरीब वस्तीतल्या शाळेत शिकवायचं आणि मग पुढचं करिअर बघायचं, हे पुण्या-मुंबईच्या कॉलेजातल्या पोरांना आता नवीन राहिलेलं नाही. टीच फॉर इंडियाचे लोक कॅम्पसवर येतात, एखादी सीनिअर त्यांची फेलो (म्हणजे दोन वर्षं शिकवायला गेलेली) असते, तिचे वर्गातले फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. घरचे विचारतात, बीएड नाही, पर्मनंट नाही, मग कशासाठी? आणि तिकडे डीएड (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करून, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास होऊन भरतीची वाट बघत बसलेला गावाकडचा मुलगा विचारतो की मी या कामाचं शिक्षण घेऊन घरी बसलोय आणि हे इंजिनिअर शाळेत शिकवतायत ते कसं काय? मला दोन्ही प्रश्न रास्त वाटतात, आणि उत्तर हवं असेल तर जरा मागे जायला लागतं.

आताचं जे मॉडेल आहे ते अमेरिकेतून आलं हे खरंच आहे, पण तिथेही ते पहिल्यांदा झालं ते सरकारी पैशातून. १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या कार्डोझो हायस्कूलमध्ये एक प्रयोग झाला. पीस कोर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेत परदेशात काम करून परत आलेल्या तरुणांना शहरातल्या गरीब, बहुतांश काळ्या मुलांच्या शाळेत शिकवायला आणलं, दिवसा वर्ग घ्यायचे आणि सोबतच शिक्षक व्हायचं प्रशिक्षण घ्यायचं. त्यावरून १९६५ मध्ये उच्च शिक्षणाच्या कायद्यातच नॅशनल टीचर कोर आली, सिनेटर गेलॉर्ड नेल्सन आणि एडवर्ड केनेडी हे तिचे पुरस्कर्ते. पंधराएक वर्षं चालली, रेगन सरकार आल्यावर १९८१ मध्ये गुंडाळली. या योजनेबद्दल आता फारसं कोणी बोलत नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते कारण तिच्यात तरुणांनी नुसतं येऊन जावं असं नव्हतं, विद्यापीठाशी जोडून त्यांना रीतसर शिक्षक करायचं होतं.

मग १९८९. प्रिन्स्टनमधली वेंडी कॉप नावाची शेवटच्या वर्षाची मुलगी, तिने आपल्या प्रबंधातच मांडलं की देशभरातून हुशार पदवीधर निवडून त्यांना दोन वर्षं गरीब शाळांत पाठवायचं. दोनच वर्षं का, तर त्या काळात वॉल स्ट्रीटच्या बँका आणि कन्सल्टिंग कंपन्या कॅम्पसवर येऊन शेवटच्या वर्षाच्या पोरांना दोन वर्षांच्या नोकऱ्या देत होत्या, काय करायचं हे अजून ठरलेलं नाही अशी पोरं तिकडे जायची, तर तिचं म्हणणं असं की याच पोरांना तेवढ्याच जोरात शाळांसाठी का नाही बोलवायचं? म्हणजे मुदत ठरली ती कॅम्पस प्लेसमेंटच्या हिशोबाने, मूल शिकायला किती वेळ लागतो त्या हिशोबाने नाही, आणि पुढचे बरेच वाद इथून सुरू होतात असं मला वाटतं.

यातून उभ्या राहिलेल्या टीच फॉर अमेरिका या संस्थेला पहिली मदत मोबिल या तेल कंपनीची, २६,००० डॉलर. युनियन कार्बाइडने न्यूयॉर्कमध्ये ऑफिसला जागा दिली (याच कंपनीच्या भोपाळच्या कारखान्यातल्या वायुगळतीला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती, हे आपल्याकडच्या माणसाला वाचताना खटकतंच). रॉस पेरो या अब्जाधीशाने पाच लाख डॉलर देऊ केले, पण बाकीच्यांकडूनही उभे करा या अटीवर. कॉलेजा-कॉलेजांत पत्रकं वाटून अडीच हजार अर्ज आले, त्यातून सुमारे ५०० जण निवडले आणि १९९० च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला काही आठवड्यांचं ट्रेनिंग देऊन त्यांना वर्गात उभं केलं. हे कायद्याने चाललं कसं, तर शहरांत आणि दक्षिणेकडच्या खेड्यांत शिक्षकच मिळत नव्हते म्हणून राज्यं बिगर-प्रशिक्षित माणसाला तात्पुरतं सर्टिफिकेट देत होतीच, टीच फॉर अमेरिका त्याच दारातून आत आली. आधी रिकाम्या जागा, मग तरुण, हा क्रम लक्षात ठेवा, आपल्याकडे पण तेच दिसणार आहे.

टीकाही लगेच झाली. लिंडा डार्लिंग-हॅमंड या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९९४ मध्येच कडक शब्दांत लिहिलं की ज्या मुलांना सगळ्यात चांगला शिक्षक हवा त्यांच्याच वाट्याला सगळ्यात कमी तयारीचा माणूस का? २००४ मध्ये मॅथेमॅटिका या संस्थेचा अभ्यास आला, त्यात या तरुणांच्या वर्गातली मुलं गणितात बाकीच्यांपेक्षा साधारण महिनाभराच्या अभ्यासाइतकी पुढे निघाली आणि वाचनात काही फरक दिसला नाही. दोन्ही बाजू तोच अभ्यास पुढे करतात. पण जिव्हारी लागलं ते न्यू ऑर्लिन्सला. कतरिना वादळानंतर तिथल्या सात हजारांवर शाळा कर्मचाऱ्यांना काढून टाकलं, त्यात वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या काळ्या शिक्षिका मोठ्या संख्येने होत्या, आणि नव्याने उघडलेल्या चार्टर शाळांत (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र संस्थांनी चालवलेल्या) बाहेरून आलेली तरुण मंडळी आली. त्या तरुणांचा यात काय दोष? काहीच नाही, पण ते कोणाच्या जागेवर उभे होते हे विसरून चालत नाही.

याच धर्तीवर २००२ मध्ये लंडनला टीच फर्स्ट, २००७ मध्ये सगळ्या देशांना जोडणारं टीच फॉर ऑल, आणि मग आपण.

गंमत बघा, १९८९ मध्येच, कॉप तिकडे प्रबंध लिहीत होती तेव्हा इकडे मुंबईत सेंट झेवियर्समध्ये शिकणारी शाहीन मिस्त्री कफ परेडजवळच्या झोपडपट्टीत जायला लागली होती. तिने कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींना शिकवायला जोडलं आणि वर्ग घ्यायला जागा शोधायला लागली, शाळांना विचारलं तर नकार मिळत गेले, शेवटी कुलाब्याच्या होली नेम शाळेने जागा दिली आणि पंधरा मुलांवर आकांक्षा या तिच्या संस्थेचं पहिलं केंद्र सुरू झालं. कॉलेजची पोरं शिक्षक, रिकाम्या वेळेतला वर्ग, वस्तीतली मुलं. पुढे २००७ पासून आकांक्षाने पालिकेबरोबर करार करून शाळाच चालवायला घेतल्या, कारण संध्याकाळच्या दोन-तीन तासांनी दिवसभराची शाळा भरून निघत नाही हे इतक्या वर्षांत कळलं होतं. याच अनुभवातून आणि कॉपशी बोलण्यातून टीच फॉर इंडिया उभं राहिलं. जून २००९ मध्ये ८७ फेलोंची पहिली तुकडी मुंबई आणि पुण्याच्या पालिकेच्या आणि कमी फीच्या खाजगी शाळांत गेली. त्यानंतर दिल्ली, मग हैदराबाद, चेन्नई, अहमदाबाद, बंगळुरू.

वर्गात फेलोला मुलं सर-मॅडम म्हणत नाहीत, दीदी आणि भैया म्हणतात. शाळा सुटल्यावर हे दीदी-भैया घरोघरी जातात, आईशी बोलतात, कामावरून उशिरा येणाऱ्या बापाला रविवारी गाठतात, आणि कित्येक मुलांच्या घरी शाळेतलं कोणी पहिल्यांदाच आलेलं असतं. या गोष्टीचं मोल मी कमी करणार नाही. पण दोन वर्षांनी दीदी जाते, नवी दीदी येते, मूल तेच असतं, आणि शेजारच्या वर्गातल्या वीस वर्षं नोकरी झालेल्या मॅडम हे सगळं बघत असतात, त्यांच्याकडे जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी अशी शंभर कामं असतात जी फेलोकडे नसतात. शिवाय हे काम बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत चालतं, देशभरातून येणाऱ्या सगळ्याच तरुणांना मराठी येत नाही हे त्याचं एक साधं कारण. त्यामुळे पालिकेच्या मराठी वर्गांना या तरुण उत्साहाचा वाटा कमीच मिळाला, आणि पट तर तिथलाच घसरत होता. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता जरा अजून मागे, कारण आपल्याकडे ही गोष्ट कॉपच्या शंभर वर्षं आधी होऊन गेलीय. १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली, टिळक वकिलीची परीक्षा पास होऊनही वकिलीकडे न जाता शिकवायला आले, वर्षभरात आगरकर आले. सगळे विशी-तिशीतले. बीए-एमए झालेल्या माणसाला तेव्हा सरकारी नोकरी सहज होती आणि घरच्यांची अपेक्षा पण तीच होती, तरी हे तुटपुंज्या पगारावर शिकवायला बसले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि नियम ठरला की आजीव सदस्याने वीस वर्षं द्यायची, पगार महिना ७५ रुपये. गोखले त्याच नियमाने आले आणि त्यांनी तो पाळला. आणि हे काही सगळं गोडीगुलाबीने चाललं असंही नाही, सदस्यांनी बाहेरची कामं करून कमाई करावी का, पगार वाढवावा का यावर इतकं बिनसलं की टिळक १८९० मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. म्हणजे त्यागावर संस्था चालवायची तर तो त्याग किती आणि किती दिवस, हा वाद आपल्याकडे तेव्हाच झालाय.

पण हे पण सांगायला पाहिजे की त्या शाळेत येणारी मुलं मुख्यतः पांढरपेशा, वरच्या जातींतली. खेड्यातल्या बहुजनांच्या मुलापर्यंत शिक्षक न्यायचं काम कर्मवीर भाऊराव पाटलांनी केलं. १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था, १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह, १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. आणि भाऊरावांनी जे ओळखलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, की शाळा काढायच्या तर आधी मास्तर तयार करायला पाहिजे आणि तो त्याच मातीतला पाहिजे. म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं कॉलेज काढलं, आणि पुढे गावोगाव ज्या व्हॉलंटरी शाळा निघाल्या, बऱ्याचशा एकशिक्षकी, देवळात नाहीतर चावडीत भरणाऱ्या, त्यांना लागणारे मास्तर तिथून मिळायला लागले. ज्या पोराला वसतिगृहात भाकरी मिळाली तोच पुढे मास्तर होऊन दुसऱ्या गावात उभा राहिला.

तोच धागा मला मुंबईत प्रथम संस्थेच्या बालसखीत दिसतो. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी नव्वदीच्या दशकाच्या मध्यात काम सुरू केलं, आणि मग ही योजना आली. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली दहावी-बारावी झालेली मुलगी. वर्षाच्या सुरुवातीला दोन आठवड्यांचं ट्रेनिंग, मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. तिसरी-चौथीतली जी मुलं मागे पडलीत, ज्यांना अजून अक्षरओळख नाही, अशी पंधरा-वीस मुलं तिने वर्गातून बाहेर काढायची आणि शाळेच्याच वेळात दोन तास घेऊन बसायचं, व्हरांड्यात, मैदानात, जिथे जागा मिळेल तिथे, आणि चौथीचं पुस्तक बाजूला ठेवून अक्षरं, जोडाक्षरं, बेरीज-वजाबाकी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यात याचा अभ्यास केला, २००७ मध्ये तो छापून आला, आणि फायदा स्पष्ट दिसला, तो सगळ्यात जास्त तळाच्या मुलांना. आयआयटीची डिग्री नसलेल्या, गल्लीतल्याच मुलीने हे केलं. मानधनाचा आकडा मात्र परत वाचा.

कारण सरकारने यातून उचललं ते नेमकं स्वस्तात माणूस मिळतो हेच. २००० मध्ये महाराष्ट्रात शिक्षणसेवक योजना आली, नव्या प्राथमिक शिक्षकाला महिना ३,००० रुपये, तीन वर्षं, मग कायम. त्याच सुमाराला लांबच्या छोट्या वस्त्यांवरच्या वस्तीशाळा, तिथला गावातलाच तरुण नाममात्र मानधनावर, त्यांना कायम व्हायला दशकभराहून जास्त झगडावं लागलं. गल्लोगल्ली डीएड कॉलेजं निघाली, लाखोंनी पोरं पास होऊन बाहेर पडली, आणि २०११ च्या ऑक्टोबरमध्ये पटपडताळणी (शाळेत खरंच किती मुलं येतात याची मोजणी) झाली त्यात बोगस पट उघडा पडला, शिक्षक अतिरिक्त ठरायला लागले, मे २०१२ मध्ये भरतीच बंद केली. मग टीईटी, मग २०१७ मध्ये शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, आणि त्यावरच्या निवड याद्या लागायला २०१९ उजाडलं. विशीत डीएड झालेला मुलगा तिशीला आला. शिक्षणसेवकाचं मानधन १६,००० झालं ते २०२३ मध्ये.

सुरुवातीचा तो गावाकडचा मुलगा चिडतो तो यामुळे, आणि त्याचा राग फेलोवर निघतो तो चुकीच्या माणसावर निघतो. फेलो त्याची जागा खात नाही, पालिका-जिल्हा परिषदेची मंजूर पदं रिकामी ठेवणारे खातात.

२०२४ मध्ये तर याची अजून एक आवृत्ती निघाली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना, मुदत सहा महिने, आणि कितीतरी जिल्ह्यांत ही पोरं झेडपीच्या शाळांत शिकवायला पाठवली गेली. नंतर पाच महिने वाढवून दिले. वीस वर्षांची शपथ, मग दोन वर्षांची फेलोशिप, आता सहा महिने. अकरा महिने संपल्यावर हेच प्रशिक्षणार्थी कायम करा म्हणून आंदोलनाला बसले, आणि ज्या वर्गांना ते शिकवत होते त्या वर्गांवर पुढे कोण, हे मुख्याध्यापकांनी आपलं आपण बघायचं होतं.