तार ताणण्यापेक्षा ताणलेली ठेवणं अवघड

काटेरी तारेचा इतिहास सांगायला बसलं की सगळे काट्यापासून सुरुवात करतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात डी-काल्ब नावाचं गाव आहे. तिथल्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला २४ नोव्हेंबर १८७४ रोजी पेटंट मिळालं: दोन तारांच्या पिळात काटा पक्का बसवण्याचं. तिथून पुढे टेक्सासची मोकळी कुरणं, गुराखी आणि रात्री कुंपणं तोडणाऱ्या टोळ्या अशी गोष्ट रंगत जाते. त्या पेटंटाचा उरलेला भाग फारसं कुणी वाचत नाही. खांबातून आरपार जाणाऱ्या एका किल्लीचंही ग्लिडनने त्यात वर्णन केलं आहे. तारांची टोकं या किल्लीला बांधायची आणि काटे सैल झाले की किल्ली फिरवून पीळ पुन्हा आवळायचा. काट्याचा विचार करतानाच या माणसाने तार ढिली पडणार हे धरून ठेवलं होतं. पुढे काटा जगभर गेला आणि किल्ली कागदावर राहिली, कारण कारखान्यात यंत्रावर पिळलेल्या तारेला तिची गरज उरली नाही. खांबांमध्ये तार ताठ कशी ठेवायची, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

हा प्रश्न किती मोठा आहे ते थोड्या हिशोबाने कळतं. पोलाद तापलं की फुगतं. १०० मीटर तार ३० अंशांनी तापली तर साधारण ३६ मिलिमीटर लांब होते. नागपूरची जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांतला फरक ३० अंशांहून जास्तच भरतो, शिवाय उन्हातली तार हवेपेक्षा गरम असते. १०० मीटरमागे ३६ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण हा ढिलेपणा तीन तीन मीटरवरच्या खांबांमध्ये वाटला तर प्रत्येक गाळ्याला जेमतेम एक मिलिमीटर येतो आणि तेवढ्यानेही तार मधोमध तीन सेंटिमीटरहून जास्त खाली येते. भूमितीच तशी आहे. लांबीतली बारीकशी वाढ झोळात कितीतरी पट होऊन दिसते. शेळीला किंवा रानडुकराला डोकं घालायला मग अवकाश मिळतो, आणि एकदा डोकं गेलं की बाकीचं काम जनावराचं वजन करतं.

काट्याच्या आधी गुळगुळीत तारेचं कुंपण होतंच. लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचं पेटंट फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल याने १८३७ साली घेतलं. त्यानंतर गंज आटोक्यात आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंड-स्कॉटलंडच्या जमीनदारीत तारेची कुंपणं दिसू लागली. तिथे शेवटच्या खांबावर एक लहानसं रीळ बसवत. त्याला दाते आणि दात्यांत अडकणारा खटका असे. पान्याने रीळ फिरवलं की तार गुंडाळली जाई आणि खटक्यामुळे परत सुटत नसे. आज बाजारात मिळणारं रॅचेट रचनेत याहून फार वेगळं नाही. अमेरिकेच्या सपाट मुलखात हीच गुळगुळीत तार उन्हाळ्यात लोंबायची, कडाक्याच्या थंडीत आखडून तुटायची आणि एरवी गुरं तिच्यावर रेलून वाट काढायची. काटेरी तारेतल्या दुहेरी पिळाने यातलं निम्मं दुखणं परस्पर बरं केलं. पिळलेली तार थोडीफार स्प्रिंगसारखी वागते, थंडीतलं आखडणं पिळात मुरतं. माझ्या मते काट्याच्या यशात या पिळाचा वाटा नेहमीच कमी लेखला गेला आहे.

१८८३ साली टेक्सासमध्ये कुंपणतोडीने कळस गाठला आणि १८८४ मध्ये तिथे कुंपण तोडणं हा गंभीर गुन्हा ठरवणारा कायदा झाला. तोडणाऱ्याला तार सगळीकडे कापावी लागत नसे. ताणलेली तार एका ठिकाणी कापली की लांबवरच्या गाळ्यांतला ताण जातो, आणि दुरुस्त करणाऱ्यापुढे खरं काम येतं ते दोन टोकं पुन्हा ओढून एकमेकांपर्यंत आणण्याचं. हाताच्या जोरावर ते होत नाही.

नेमकं हेच काम सोपं करणारं हत्यार न्यूझीलंडमध्ये घडलं. दक्षिण बेटावरच्या सेंट्रल ओटॅगो भागात ओटुरेहुआ नावाची लहानशी वस्ती आहे. मोठाली मेंढीपालन केंद्रं, उन्हाळ्यात तिशीपार जाणारा पारा, हिवाळ्यात शून्याखालची रात्र आणि सशांचा सुळसुळाट, असा तो मुलूख. इंग्लंडमध्ये पिठाच्या गिरणीचं काम शिकलेला अर्नेस्ट हेज आणि त्याची बायको हॅना १८८२ साली न्यूझीलंडला आले. गिरणी चालवता चालवता १८९५ मध्ये त्याने शेतीच्या अवजारांचा कारखाना काढला. पहिलं नाव झालं ते विष कालवलेल्या भुशाच्या गोळ्याचे तुकडे पाडणाऱ्या यंत्राने. सशांना घालायला ते तुकडे लागत. माल विकायचा तर गिऱ्हाईक डोंगराळ मुलखात मैलोन्‌मैल पसरलेलं. हॅना सायकलवर निघाली आणि एकेका मेंढीकेंद्रावर जाऊन ऑर्डरी गोळा करू लागली. रस्ते म्हणावेत असे रस्ते नव्हते आणि अंगात त्या काळचे पायघोळ झगे होते. कारखान्याच्या इतिहासात शोध अर्नेस्टच्या नावावर आहेत. तो धंदा तगला यात हॅनाचा हात होता हे तिकडचे लोकही आवर्जून सांगतात.

मेंढीकेंद्रं म्हणजे तारेचे मैलच्या मैल. हेजने तार ताणण्याची साधनं घडवायला घेतली, सुधारत नेली आणि १९२४ च्या सुमारास त्याचा समांतर स्ट्रेनर पक्क्या रूपात आला. त्यात एक साखळी, तार पकडणारे जबडे आणि एक लांब दांडी असते. तुटलेल्या तारेची दोन टोकं दोन जबड्यांत पकडायची. दांडी पुढेमागे केली की ती साखळीवर एकेक कडी चढत जाते आणि जबडे जवळ येतात. ओढ वाढेल तसे जबडे तारेला जास्तच घट्ट धरतात, वेगळा स्क्रू आवळावा लागत नाही. टोकं एकमेकांवर आली की ओढलेल्या अवस्थेतच गाठ मारायची, मग यंत्र सोडवायचं. एकटा माणूस रानात, पाठीवरच्या पिशवीतल्या या हत्याराने तुटलेली तार जोडू शकतो, ही त्यातली खरी किमया. कारखाना आधी पवनचक्कीवर चाले, ती १९१० ची. १९२७ मध्ये पाण्याच्या धारेवर फिरणारं पेल्टन चाक आलं. १९५२ साली धंदा क्राइस्टचर्चला हलला आणि १९७५ मध्ये ओटुरेहुआची जुनी जागा तिथल्या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या न्यासाने घेतली. जाता जाता सांगायला हरकत नाही: याच घराण्याच्या इन्व्हरकारगिल शहरातल्या हार्डवेअर दुकानात वेगाचे विक्रम करणाऱ्या बर्ट मन्‍रोची विक्रमी ‘इंडियन’ मोटारसायकल ठेवलेली आहे. खिळे घ्यायला गेलेला माणूस ती बघून येतो.

हेजचं यंत्र तार ओढून द्यायचं. ओढलेली तार ओढलेलीच राहील याची हमी त्याच्याकडे नव्हती, आणि तेव्हाच्या तारेत ती नव्हतीच. न्यूझीलंडमध्ये त्या काळी सर्रास वापरली जाई ती आठ नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीची मऊ लोखंडी तार. शंभर किलोच्या ओढीला अशी १०० मीटर तार सुमारे चार सेंटिमीटर लांबते. वर पाहिलं की ३० अंश उष्णतेने ती ३.६ सेंटिमीटर फुगते. म्हणजे थंडीत घातलेला जवळजवळ सगळा ताण उन्हाळा खाऊन टाकतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे २.५ मिलिमीटरची हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ओढ सोसणारी कडक पोलादी तार आली. जाडी कमी, पण तुटायला लागणारा जोर जवळपास तेवढाच. ही तार शंभर किलोला दहा सेंटिमीटर ताणते, त्यामुळे त्याच उन्हाळ्यात तिचा ताण एक-तृतीयांशाच्या आसपासच उतरतो. बारीक तार जास्त ताठ राहते हे शेतकऱ्यांना सुरुवातीला पटायला जड गेलं असेल तर नवल नाही, आपल्याकडेही दुकानात जाड तारेलाच मागणी असते. पण ताण टिकतो तो तार किती लांबून परत येऊ शकते यावर.

यातूनच पुढचा टप्पा समजतो: तारेत कायमची बसवायची रॅचेटं आणि स्प्रिंगा. हेजचं हत्यार काम झालं की पिशवीत परत जाई. ही साधनं कुंपणातच राहतात. रॅचेट ताण भरतं, स्प्रिंग तो सांभाळते. स्प्रिंग किती दबली आहे यावरून तारेत किती किलो ओढ आहे हेही डोळ्यांनी कळतं, वजनकाट्याने मोजायची गरज पडत नाही. लांब कुंपणात स्प्रिंग नसली तरी एखादवेळी चालून जातं, आखूड कुंपणात नाही. २० मीटरच्या तुकड्यात २.५ मिलिमीटरची तार शंभर किलोला दोनच सेंटिमीटर लांबते. कोपऱ्याचा खांब पावसाळ्यात मऊ मातीत एक सेंटिमीटर जरी आत झुकला तरी अर्धा ताण गेला. विहिरीभोवतीची, परसबागेची, रोपवाटिकेची कुंपणं दरवर्षी लोंबतात ती यामुळे, आणि दोष बहुधा तारेला दिला जातो.

खांबाचं हे प्रकरण जरा जास्त बोलण्यासारखं आहे. पाच तारा, प्रत्येकी शंभर किलो, म्हणजे कोपऱ्याच्या खांबाला अहोरात्र पाचशे किलोची ओढ. तिरपा टेकू नसेल, खड्डा उथळ असेल, तर जगातलं कुठलंही यंत्र उपयोगाचं नाही. महाराष्ट्रात तार ओढायची सर्वपरिचित रीत म्हणजे पहार. तारेचा वेढा पहारीला द्यायचा, पहारीचं टोक खांबाला टेकवायचं आणि दोघांनी रेटायचं. तिसरा पक्कड घेऊन खिळा ठोकतो. रीत वाईट नाही. पण ओढ किती झाली हे कुणालाच कळत नाही, आणि खिळा ठोकून होईपर्यंत त्यातली बरीच निसटते.

गाठ मारण्याची कटकट कायमची मिटवायचा प्रयत्न इंग्लंडमधल्या शेफील्डच्या ह्यू फेसी या तार-व्यावसायिकाने केला. वेल्समधल्या एका शेतकऱ्याने तारेला गाठी मारण्याबद्दल केलेल्या तक्रारीतून त्याला ही कल्पना सुचली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘ग्रिपल’ बाजारात आलं. मुठीत मावेल एवढ्या या धातूच्या तुकड्यात दोन तारा दोन बाजूंनी शिरतात आणि आतली स्प्रिंगवरची पाचर त्यांना एकाच दिशेने सरकू देते. तार पुढे ढकलली की जाते, मागे येत नाही. कुंपणाबरोबरच द्राक्षबागांनीही ते उचललं, कारण वेलींचा भार घेणाऱ्या तारा दर हंगामात पुन्हा ताणाव्या लागतात. नाशिक आणि तासगावकडच्या बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. मांडवावर घड लगडले की तारेवर येणारा बोजा कुंपणापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तिथे कडेचा अँगल वाकला तर आख्खी ओळ खाली येते.

आपल्याकडे ताण टिकवणारी साधनं गावोगावी पोहोचली ती मात्र झटका मशीनच्या, म्हणजे तारेत विजेचे क्षणिक झटके सोडणाऱ्या यंत्राच्या वाटेने. या तंत्राचा धागाही पुन्हा न्यूझीलंडला जाऊन मिळतो. हॅमिल्टनच्या बिल गॅलाघर यांनी १९३० च्या दशकात विजेचं कुंपण धंद्यात आणलं. त्यांचा घोडा मोटारीला अंग घासायचा, त्याला अटकाव म्हणून केलेल्या जोडणीतून ही कल्पना निघाली असं सांगतात. झटक्याच्या कुंपणात तार ढिली पडणं म्हणजे नुसता झोळ नसतो. लोंबणारी तार गवताला किंवा खालच्या तारेला टेकते, झटका जमिनीत उतरतो आणि बॅटरी भरलेली असूनही डुकराला काही जाणवत नाही. म्हणून चांगल्या संचात बारीक हाय टेन्साइल तार, इन्सुलेटर (वीज खांबात उतरू न देणारा तुकडा) लावलेली रॅचेटं आणि प्रत्येक ओळीला स्प्रिंग असते. विदर्भात जंगलालगतच्या गावांत सौरकुंपणाला सरकारी योजनेतून अनुदान मिळू लागल्यावर ही रॅचेटं तालुक्याच्या दुकानांत टांगलेली दिसू लागली. घरातल्या विजेचा प्रवाह थेट तारेत सोडण्याचा प्रकार यात मोडत नाही. तो गुन्हा आहे, त्यात माणसंही मरतात आणि वाघही.

बसवणारे एक चूक सर्रास करतात. तार कडक दिसावी म्हणून रॅचेट इतकं आवळतात की स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. पूर्ण दबलेली स्प्रिंग म्हणजे लोखंडाचा भरीव तुकडा. थंडीत तार आखडली की तिला आणखी दबायला जागा नसते, मग ओढ थेट इन्सुलेटरवर आणि कोपऱ्याच्या खांबावर येते. थंडीच्या पहाटे, तार सर्वांत आखडलेली असताना, वेढ्यांमध्ये बोटाचं नख जाईल एवढी फट उरलेली दिसली पाहिजे. दुपारच्या उन्हात ती जास्त असते, म्हणून दुपारी बघून रॅचेट आवळू नये.