बिझनेस हॉटेल (जपान)

बिझनेस हॉटेल : कामानिमित्त एकट्याने फिरणाऱ्या माणसासाठी बांधलेले, लहान खोल्यांचे व माफक दराचे जपानी शहरी हॉटेल. स्थानकाजवळची जागा, एकट्याची खोली, खोलीतच बसवलेले साचेबंद न्हाणीघर आणि जेवण न धरता आकारलेले भाडे ही त्याची ठळक लक्षणे. आज परदेशी पर्यटकही येथे मोठ्या संख्येने उतरतात, पण खोलीची मापे अजूनही फिरतीवरच्या नोकरदाराचीच आहेत.

नाव व व्याख्या : हे नाव इंग्रजी वाटले तरी घडले जपानमध्ये. इंग्रजी शब्द जोडून जपानीत तयार झालेल्या अशा शब्दांना तेथे ‘वासेइ-एइगो’ म्हणतात. बोलण्यात त्याचे ‘बिजिहो’ असे लघुरूप होते. सभागृहे, मेजवान्या आणि उंची उपाहारगृहे असलेल्या मोठ्या हॉटेलाला जपानीत ‘सिटी हॉटेल’ म्हणतात. बिझनेस हॉटेल हे त्याच्या खालच्या पायरीवरचे. जपानच्या पर्यटन विभागाची निवास-आकडेवारी हा प्रकार स्वतंत्र धरते, निवासव्यवसायाच्या कायद्यात मात्र हा शब्द नाही. १९४८ च्या मूळ कायद्यात हॉटेल आणि रयोकान (पारंपरिक जपानी निवास) हे वेगळे परवाने होते. हॉटेलाला किमान १० खोल्या आणि पाश्चात्त्य धाटणीच्या खोलीला किमान ९ चौ. मी. क्षेत्र लागे. १५ जून २०१८ पासून दोन्ही परवाने एक झाले, खोल्यांच्या संख्येची अट गेली, खोलीचे किमान क्षेत्र ७ चौ. मी. ठरले आणि पलंग असेल तर ९ चौ. मी. कायम राहिले. बिझनेस हॉटेलात पलंग असतोच, त्यामुळे त्याच्यासाठी जुनी मर्यादा बदलली नाही. प्रत्यक्षात एकट्याची खोली बहुधा १० ते १३ चौ. मी.ची असते.

उगम : या प्रकाराचा आरंभ कोठून धरावा यावर एकमत नाही. इदो काळातील (सतरावे ते एकोणिसावे शतक) महामार्गांवर जेवणासह मुक्काम देणारी ‘हातागो’ आणि केवळ सरपणाचे पैसे घेऊन आडोसा देणारी ‘किचिन-यादो’ अशा दोन तऱ्हा होत्या. पुढे रेल्वे आल्यावर स्थानकांसमोर फिरत्या व्यापाऱ्यांची ‘शोनिन-यादो’ उभी राहिली. काही लेखक बिझनेस हॉटेलाची वंशावळ येथपर्यंत नेतात. गिऱ्हाईक तेच असल्याने हा विचार सहज पटतो. परंतु या निवासांत सरकत्या कागदी दारांपलीकडे दुसरा प्रवासी झोपलेला असे, न्हाणीघर सामाईक असे आणि जेवण यजमानाच्या वेळेनुसार मिळे. बिझनेस हॉटेलात नेमके हेच तीन मुद्दे उलटे आहेत. म्हणून ही नोंद शोनिन-यादोला पूर्वज न मानता आधीचा स्पर्धक मानते.

दुसरे मत क्योतो स्थानकासमोर १९२० मध्ये सुरू झालेल्या होक्के क्लबला पहिला मान देते. नावाप्रमाणेच ते सद्धर्मपुंडरीक सूत्राला (जपानीत ‘होक्के’) प्रमाण मानणाऱ्या पंथाच्या यात्रेकरूंसाठी निघाले होते. या संस्थेची हॉटेले आज अनेक शहरांत आहेत व ती बिझनेस हॉटेलांतच गणली जातात. तिला आद्य म्हणण्यामागे हे सातत्य आहे. मात्र आरंभीचे होक्के क्लब हे धर्मशाळेच्या जवळचे होते, आणि संस्थेचे वय म्हणजे प्रकाराचे वय नव्हे.

तिसरे मत तोक्योतील दाई-इची हॉटेलापासून आरंभ धरते व त्याला अधिक आधार आहे. १९३६ मध्ये १९४० च्या ऑलिंपिकसाठी तोक्योची निवड झाली व शहरात हॉटेलांची चणचण जाणवू लागली. या पार्श्वभूमीवर एप्रिल १९३८ मध्ये शिम्बाशी येथे ६२६ खोल्यांचे दाई-इची हॉटेल उघडले. त्यामागची कल्पना हान्क्यू रेल्वेचे संस्थापक कोबायाशि इचिझो (१८७३–१९५७) यांची. रेल्वेमार्गालगत घरे बांधून विकणे, मार्गाच्या टोकाला ताकाराझुका येथे नाट्यमंडळी उभी करणे आणि स्थानकातच भांडार थाटणे या त्यांच्या योजना प्रसिद्ध आहेत. ओसाकाहून कामाला येणाऱ्या पगारदाराला तोक्योतील रात्र रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या शयनयानाहून महाग पडू नये, असा दराचा हिशेब त्यांनी घातला असे सांगितले जाते. राजवाड्यासारख्या हॉटेलाचे स्वस्त रूप काढण्याऐवजी त्यांनी गाडीतील शय्येशी बरोबरी केली, हे फार महत्त्वाचे आहे. खोली लहान का, तर शय्येहून ती मोठीच आहे. जेवण का नाही, तर शय्येबरोबर तेही मिळत नाही. या प्रकाराचे सारे तर्कशास्त्र या एका मोजपट्टीत आले. ऑलिंपिकचा मान जपानने जुलै १९३८ मध्ये परत केला. युद्धानंतर हे हॉटेल जपानचा ताबा घेतलेल्या फौजांच्या अधिकाऱ्यांसाठी काही वर्षे सक्तीने घेतले गेले.

नाव रुळले ते मात्र बरेच उशिरा. १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो–ओसाका शिनकानसेन सुरू झाली, कंपन्यांच्या शाखा देशभर पसरल्या आणि ‘शुच्चो’ म्हणजे कामाची फिरती हा नोकरीचा नित्य भाग बनला. १९६९ मध्ये नागोया येथे निघालेल्या वॉशिंग्टन हॉटेलापासून साखळी पद्धतीची सुरुवात सामान्यतः धरतात. ‘बिझनेस हॉटेल’ हा शब्द १९७० च्या दशकात सर्वतोमुखी झाला असावा. कल्पना १९३८ ची व विस्तार १९७० नंतरचा, असे म्हटले तरी मधला एक दुवा राहतो. तो यंत्रशाळेतून आला.

साचेबंद न्हाणीघर : १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकसाठी हॉटेल न्यू ओतानी ही १७ मजल्यांची इमारत सुमारे १७ महिन्यांत पुरी करायची होती. तिच्या १,०४४ न्हाणीघरांना नेहमीच्या रीतीने जलरोधक थर, गिलावा, फरशी, नळजोडणी असे एकामागून एक कारागीर लागले असते, आणि प्रत्येकाला आधीचा थर वाळेपर्यंत थांबावे लागले असते. तोयो तोकि (आजची तोतो) या कंपनीने काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकचे टब व तळ कारखान्यात साच्यात घडवून, जुळणी करून, तयार न्हाणीघरेच इमारतीत चढवली. ‘युनिट बाथ’चा प्रसार येथून झाला. न्यू ओतानी हे उंची हॉटेल. परंतु या शोधाचा सर्वांत खोल परिणाम झाला तो स्वस्त हॉटेलांवर. प्रत्येक खोलीला स्वतःचे न्हाणीघर देणे हे तोपर्यंत चैनीचे काम होते. साच्यामुळे ते मोजक्या जागेत, ठरलेल्या खर्चात आणि गळतीची धास्ती न बाळगता शक्य झाले. म्हणून आज ज्याला आपण बिझनेस हॉटेल म्हणतो ते १९६४ च्या आधी असणे कठीण, असे या नोंदीचे मत आहे.

बिझनेस हॉटेलात टब, हातधुणे आणि संडास एकाच कवचात असतात. त्याला ‘तीन-बिंदू युनिट’ म्हणतात. आकार चार अंकी संख्येने सांगतात : ‘१०१४’ म्हणजे आतून १०० × १४० सें. मी., ‘१२१६’ म्हणजे १२० × १६० सें. मी. व्यवसायातील माणसे केवळ ही संख्या ऐकून हॉटेलाचा दर्जा ओळखतात. न्हाणीघराच्या दाराशी जी एक पायरी चढावी लागते ती कवचाखालून जाणाऱ्या सांडपाण्याच्या नळासाठी. हातधुणे आणि टब यांच्यामध्ये बहुधा एकच तोटी असते. ती डावी-उजवीकडे फिरवून दोन्हीकडे वापरतात, त्यामुळे एका नळजोडणीत दोन कामे होतात. शेजारच्या दोन खोल्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या उलटसुलट मांडून त्यांची न्हाणीघरे पाठीला पाठ लावून ठेवतात. मधल्या कपाटवजा पोकळीतून दोन्हींचे उभे नळ जातात आणि दुरुस्ती बाहेरच्या बोळातून, प्रवाशाला न उठवता होते. न्हाणीघर नेहमी दाराजवळच का, पलंग नेहमी खिडकीकडेच का, या प्रश्नांचे उत्तर या पोकळीत आहे. खोलीची रुंदी ठरवताना आधी युनिटचा अंक धरतात, त्यात बोळातून आत येण्याची वाट मिळवतात आणि जे उरते ते पलंगाला देतात.

खोली : दार उघडताच भिंतीवरच्या खाचेत किल्लीची पट्टी सरकवावी लागते, तेव्हा दिवे लागतात. एका हाताला न्हाणीघर, पुढे भिंतीलगत अरुंद लांबट मेज. त्यावर किटली, दूरदर्शन संच व आरसा, खाली छोटा रिकामा शीतकपाट. तो बऱ्याचदा बंद असतो, बटण आपण दाबायचे. पलंग बहुतेक १२० ते १४० सें. मी. रुंदीचा, जपानी परिभाषेत त्याला ‘सेमी-डबल’ म्हणतात. या खोलीत दोघेही राहू शकतात, मात्र भाडे बऱ्याचदा माणसांच्या संख्येनुसार बदलते, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रवाशांनी आरक्षण करताना ध्यानात ठेवावी. प्रवासपेटी उघडायला जमीन पुरत नाही म्हणून कित्येक ठिकाणी पलंगाखाली मुद्दाम पोकळी ठेवलेली असते. पलंगावर घडी घातलेला रात्रीचा अंगरखा, दाराशी सपाता. दात घासण्याचा ब्रश, कंगवा, वस्तरा पूर्वी न्हाणीघरात मांडलेले असत. एप्रिल २०२२ मध्ये प्लास्टिक वापराचा नवा कायदा लागू झाल्यापासून बऱ्याच हॉटेलांनी ते खाली स्वागतकक्षाजवळ ठेवले असून लागेल तेवढेच घ्यायचे असते. विजार दाबण्याचे यंत्र, नाणी टाकून चालणारे धुलाईयंत्र व पेयांची यंत्रे बोळात असतात.

खोलीत जाण्याची वेळ सामान्यतः दुपारी ३ किंवा ४, सोडण्याची सकाळी १० किंवा ११. जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याला पारपत्र दाखवावे लागते व त्याची प्रत ठेवली जाते.

साखळ्या : तोयोको इन (१९८६, तोक्योतील कामाता) हिने भाताचे गोळे व मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) सूप यांची न्याहारी भाड्यात दिली आणि व्यवस्थापक म्हणून प्रामुख्याने स्त्रिया नेमल्या. आपा हॉटेलाची पहिली शाखा १९८४ मध्ये कानाझावा येथे निघाली. डॉर्मी इन ही साखळी सामाईक उष्णोदकस्नान आणि रात्री उशिरा मिळणाऱ्या फुकट नूडलच्या वाटीसाठी ओळखली जाते. मिसो सुपाचा मूळ रस्सा बहुधा वाळवलेल्या माशाचा असतो, हे शाकाहारी प्रवाशाला आधी कळलेले बरे.

अर्थकारण : या हॉटेलांचा दर दीर्घकाळ बाजारापेक्षा कंपन्यांच्या प्रवासभत्त्याने ठरवला. सरकारी नोकरांसाठी १९५० च्या कायद्याने मुक्कामाची ठोक रक्कम श्रेणीनुसार ठरलेली होती. मधल्या श्रेणीच्या अधिकाऱ्याला मोठ्या शहरांत रात्रीला १०,९०० येन मिळत. कित्येक खासगी कंपन्यांचे नियम याच धर्तीवर होते. ठोक रकमेच्या आत खोली मिळाली की उरलेले पैसे नोकराचे, त्यामुळे हॉटेले त्या आकड्याच्या खाली दर ठेवत. भाडे थोडे वाढवून सोबत खरेदीचे प्रीपेड कार्ड देण्याची योजनाही यातूनच निघाली. तिने कंपनीचा पैसा पाहुण्याच्या खिशात जातो आणि ती प्रथा समर्थनीय म्हणता येत नाही. एप्रिल २०२५ पासून सरकारी नोकरांना ठोक रकमेऐवजी मर्यादेच्या आत प्रत्यक्ष खर्च मिळू लागला. कारण उघड आहे : २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पाहुणे जपानमध्ये आले, दर मागणीनुसार रोज बदलू लागले आणि जुन्या रकमेत तोक्यो वा ओसाकात खोली मिळेनाशी झाली. वर तोक्यो (२००२), ओसाका (२०१७) व क्योतो (२०१८) येथे निवासकरही लागू झाला आहे.

रेल्वेच्या शयनयानावर या हॉटेलांचा झालेला परिणाम विशेष नमूद करण्याजोगा आहे. शेवटची शिनकानसेन पकडून रात्री पोहोचावे व स्थानकासमोर झोपावे, हे सोपे व स्वस्त झाल्यावर रात्रगाड्यांचे प्रवासी घटत गेले. आज नियमित धावणारी शयनगाडी ‘सनराइज’ नावाचीच उरली आहे. ज्या शय्येच्या भाड्यावरून दाई-इचीचा दर ठरला म्हणतात, ती शय्या नाहीशी होण्यास अशा हॉटेलांचा हातभार लागला.

सुरक्षितता : ८ फेब्रुवारी १९८२ रोजी तोक्योतील आकासाका भागात हॉटेल न्यू जपान जळून ३३ माणसे दगावली. ते बिझनेस हॉटेल नव्हते, पण त्यानंतर सर्वच हॉटेलांची अग्नितपासणी कडक झाली. काही खिडक्यांवर दिसणारा लाल उलटा त्रिकोण म्हणजे अग्निशामकांनी बाहेरून आत येण्याची जागा. तिथे सामान रचू नये. पलंगाशेजारी अडकवलेली विजेरी भूकंपासारख्या आणीबाणीसाठी असते. नोव्हेंबर २००५ मध्ये इमारतींच्या भूकंपरोधक आकडेमोडीत खोटेपणा झाल्याचे उघड झाले, त्यात अनेक बिझनेस हॉटेले सापडून बंद करावी लागली. २००७ मध्ये तपासणीचे नियम बदलले. कमी खर्चात व कमी दिवसांत बांधकाम उरकण्याचा जो आग्रह या प्रकाराला जन्म देतो, त्याची काळी बाजू या प्रकरणात दिसली.

कॅप्सूल हॉटेल हा वेगळा प्रकार. वास्तुकार कुरोकावा किशो यांनी रचलेले कॅप्सूल इन ओसाका १९७९ मध्ये उमेदा भागात उघडले. त्यात न्हाणीघर सामाईक असते, कप्प्याला कुलूप नसते व कायद्याने ते ‘साधे निवासस्थान’ ठरते. मुंबई सेंट्रल स्थानकात नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेले ४८ कप्प्यांचे पॉड हॉटेल याच जातीचे आहे, बिझनेस हॉटेलाच्या नव्हे.